अजिंठ्याची काजळी

अजिंठ्याच्या लेण्यांविषयीं मराठींत आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु तें बहुतेक सर्व रंगांविषयीं आहे. पहिल्या लेण्यांतील पद्मपाणीच्या मुद्रेवरील करुणा वर्णन करणाऱ्या लेखकास दुसऱ्या एखाद्या लेण्याच्या छतावरील काळ्या थराकडे पाहाण्याची इच्छा होत नाहीं. आणि झालीच, तर तो एक वाक्य लिहून मोकळा होतो. बैराग्यांनीं, गुराख्यांनीं व भिल्लांनीं येथें चुली पेटविल्या आणि त्यांच्या धुरानें चित्रांचा नाश केला, हें तें वाक्य. तें इतक्या वेळां लिहिलें गेलें आहे कीं, आतां तें पुराव्यावांचून इतिहास म्हणून खपतें. प्रस्तुत लेखांत आम्हीं या उपेक्षित काजळीचाच विचार करण्याचें योजिलें आहे.

विषय क्षुद्र आहे असें कोणी म्हणेल. पण येथें एक न्यायाचा प्रश्न गुंतलेला आहे. ज्यांनीं आपलें नांव कोठेंहि लिहून ठेविलें नाहीं अशा दरिद्री माणसांवर हा आरोप पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. उलट, 28 एप्रिल 1819 रोजीं शिकारीच्या नादानें येथें आलेल्या जॉन स्मिथ नांवाच्या गोऱ्या अधिकाऱ्यानें दहाव्या लेण्यांतील रंगविलेल्या खांबावर आपलें नांव व तारीख कोरून ठेविली, तो मात्र लेण्यांचा शोधक म्हणून प्रत्येक पुस्तकांत मानानें मिरवतो. खांबावरचा ओरखडा कीर्ति ठरावा आणि छतावरचा धूर अपराध ठरावा, ही वांटणी न्यायाची आहे काय, हें पाहिलें पाहिजे. आणि तें पाहावयाचें तर आरंभ चुलीपासून केला पाहिजे.

वाघोरा नदीच्या नालाकृति वळणावर, उभ्या काळ्या कातळांत हीं तीस लेणीं खोदलेलीं आहेत. पाऊस सरला व मार्गशीर्ष-पौष लागले म्हणजे या दरींत रात्रीं कडाक्याची थंडी पडते. लेण्यांतल्या खोल्यांत निजावयास दगडी ओटे आहेत. अंथरुणाला फार तर गवताची बैठक, अंगावर तीन चीवरें. अशा ठिकाणीं वर्षानुवर्षें राहिलेल्या भिक्षूंना उबेची गरज वाटली नसेल असें समजणें म्हणजे त्यांना माणसें न समजणें होय. त्यांना ती वाटत असे, आणि तिच्याविषयीं त्यांनीं बारकाईनें विचारहि केला होता, याचा लेखी पुरावा विनयग्रंथांत आहे.

पाली विनयांत पाचित्तिय नांवाच्या नियमांमध्यें शेकोटीविषयीं एक नियम आहे आणि त्याच्या उत्पत्तीची कथा मोठी मनोरंजक आहे. बुद्ध भग्ग देशांत सुंसुमारगिरीजवळच्या भेसकळावनांत राहात असतां, हिवाळ्याच्या दिवसांत भिक्षूंनीं एक मोठें पोकळ लांकूड पेटवून अंग शेकावयास सुरुवात केली. त्या पोकळींत एक काळा सर्प होता. आंच लागतांच तो बाहेर आला आणि भिक्षूंच्या अंगावर धांवला; भिक्षु चोहोंकडे पळाले. त्यावरून, अंग शेकण्यासाठीं भिक्षूनें अग्नि पेटवूं नये असा नियम झाला. परंतु नियम तेवढ्यावर राहिला नाहीं. आजारी भिक्षूला शेक हवा, म्हणून त्याला सूट मिळाली. पुढें दिव्यासाठीं, स्नानगृहाच्या अग्नीसाठीं, किंवा तशाच योग्य कारणासाठीं अग्नि पेटविण्यास मोकळीक झाली. नियम कडक करावा आणि मग माणसाची गरज पाहून त्याला वाट ठेवावी, ही विनयाची पद्धतीच आहे.

याच वाङ्मयांत दुसरी एक कथा आहे. उरुवेलेच्या जटिलांचें मन वळविण्यासाठीं बुद्धानें जे चमत्कार केले म्हणून सांगतात त्यांत एक असा कीं, हिमपाताच्या थंड रात्रीं नेरंजरा नदींत बुड्या मारून कुडकुडत बाहेर येणाऱ्या त्या तपस्व्यांसाठीं त्यानें पांचशें ‘मंदामुखी’ निर्माण केल्या, आणि जटिलांनीं त्यांवर अंग शेकलें. मंदामुखी म्हणजे निखाऱ्यांचें पात्र. आपल्या घरांतली शेगडी. चमत्कार खरा माना अथवा न माना. चमत्कार म्हणून शेगडी सुचावी, यांत त्या काळच्या हिवाळ्याचें आणि कथाकाराच्या अनुभवाचें प्रतिबिंब आहे यांत शंका नाहीं.

पण या सर्वांहून महत्त्वाचा उल्लेख जंताघराचा आहे. भिक्षूंना मिष्टान्नें मिळूं लागून त्यांच्या शरीरांत दोष सांचले, तेव्हां प्रसिद्ध वैद्य जीवक यानें बुद्धाजवळ दोन गोष्टींची परवानगी मागितली, एक चंक्रमणाची वाट आणि दुसरें जंताघर. जंताघर म्हणजे लांकडांच्या अग्नीनें तापविलेलें, घाम काढण्याचें व स्नानाचें घर. चुल्लवग्गांत त्याची बांधणी अशा तपशिलानें दिली आहे कीं, एखाद्या गवंड्याच्या वहीचें पान वाचल्याचा भास व्हावा. जोतें उंच करावें व तें विटांनीं, दगडांनीं किंवा लांकडांनीं बांधून काढावें. गवताचें छप्पर आंतून बाहेरून लिंपून घ्यावें. चिखल होतो, म्हणून जमीन फरसबंद करावी. पाणी तुंबतें, म्हणून मोरी काढावी. घर लहान असेल तर चूल एका बाजूस घालावी, कारण मध्यें घातली तर वावरावयास जागा राहात नाहीं. घर मोठें असेल तर ती मध्यभागीं घालावी. आंचेनें तोंड भाजतें, म्हणून तोंडास माती लावण्याची मुभा आहे; मातीला वास येतो, म्हणून ती सुगंधित करण्याचीहि आहे. आणि या सर्वांत आमच्या विषयाच्या दृष्टीनें मुख्य गोष्ट ही कीं, धूर बाहेर जाण्यासाठीं ‘धूमनेत्त’ ठेवावें अशी स्पष्ट आज्ञा आहे. धूमनेत्त म्हणजे धूमनेत्र, धुराला नेणारी नळी. आजच्या भाषेंत धुराडें.

हा पाली विनय अजिंठ्याच्याच भिक्षुसंघाचा होता असें आमचें म्हणणें नाहीं. येथें निरनिराळ्या काळीं निरनिराळ्या पंथांचे लोक राहिले. तथापि सर्व पंथांच्या विनयांची मूळ चौकट पुष्कळशी सारखी आहे. मराठी वाचकांना धर्मानंद कोसंबी यांच्या ‘बौद्धसंघाचा परिचय’ या पुस्तकामुळें ती अपरिचित नाहीं. अग्नि ठेवावयाचा तर त्याला वेगळी जागा द्यावी आणि त्याच्या धुराला वाट द्यावी, हें ज्ञान भिक्षुसंघाच्या नित्याच्या व्यवहारांतलें होतें, एवढें निःशंक म्हणतां येईल.

तें ज्ञान भिक्षूंपुरतेंच होतें असेंहि नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत स्वेदाचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांत ‘जेंताक’ नांवाचा एक आहे; त्याचें व जंताघराचें नांव एकाच मुळाचें असावें असें विद्वानांना वाटतें. जलाशयाजवळ सोळा अरत्नि, म्हणजे सुमारें चोवीस फूट, उंचीचें व तेवढ्याच रुंदीचें वाटोळें घर बांधावें. तें मातीनें नीट लिंपावें. त्याला पुष्कळ झरोके ठेवावे. भिंतीच्या कडेनें सर्वत्र बसावयास-निजावयास अरत्निभर रुंद ओटा घालावा. मध्यभागीं मातीचा, भट्टीच्या आकाराचा, पुरुषभर उंच असा पोकळ खांब उभारावा. त्याला अनेक बारीक छिद्रें असावीं व वर झांकण असावें. याचें नांव अंगारकोष्ठक. त्यांत खैर, अश्वकर्ण इत्यादिकांचीं लांकडें भरून पेटवावीं; तीं नीट जळून धूर नाहींसा झाला आणि घर तापलें म्हणजे मगच रोग्यानें आंत जावें.

हें वर्णन वाचतांना आमच्यासमोर आपल्या परसांतला तांब्याचा बंब उभा राहिला. बंबाच्या पोटांतून जाणारी नळी, तळाशीं राखेची जाळी, वरून टाकलेल्या ढलप्या, आणि खालून शिरणाऱ्या वाऱ्यानें धगधगणारे निखारे, अशी त्याची रचना. फरक इतकाच कीं, बंब पाणी तापवितो आणि अंगारकोष्ठक हवा तापवीत असे. काश्मिरांत व लडाखांत घरोघर दिसणारी पत्र्याची बुखारी याच कुळांतली. थंड मुलखांतले सुतार-लोहार आजहि तेलाचें रिकामें पिंप आडवें घालून, त्याला दार, जाळी व नळी बसवून आपल्या कारखान्यासाठीं लांकडावर चालणारी भट्टी घरच्या घरीं तयार करतात, तिचें तत्त्वहि हेंच. अग्नि बंदिस्त करावा, त्याला लागेल तेवढाच वारा खालून द्यावा, उष्णता भांड्याच्या अंगानें घरांत पसरूं द्यावी आणि धूर मात्र नळीनें छपराच्या वर सोडावा. पोकळ लांकडाच्या शेकोटींतून सर्प निघाला. त्याच पोकळ आकाराला जाळी, दार आणि धुराडें मिळालें, तेव्हां त्यांतून मनुष्याच्या उपयोगाचें यंत्र निघालें.

आतां अजिंठ्याकडे वळूं. येथें अग्नि नव्हता असें कधींच नव्हतें. इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकाच्या सुमारास पहिलीं लेणीं खोदूं लागले. पुढें पांचव्या शतकांत वाकाटक राजा हरिषेण याच्या काळीं, त्याचा सचिव वराहदेव यानें करविलेल्या सोळाव्या लेण्यासारखीं वैभवशाली कामें झालीं. ज्या कातळावर छिन्नी चालवावयाची तो बसाल्ट जातीचा. त्यावर लोखंडाची धार फार वेळ टिकत नाहीं. तेव्हां शेंकडों पाथरवटांच्या छिन्न्या पुनःपुन्हा तापवून, ठोकून, पाणी देऊन धारेस आणणाऱ्या लोहारांचे भाते या दरींत सतत चालू असले पाहिजेत. चित्रकारांचा तळहि मोठ्या कारखान्यासारखाच असला पाहिजे. त्यांचें काम ओल्या चुन्यावरचें नव्हतें. तूस, गवत, तंतु मिसळलेल्या मातीच्या गिलाव्यावर पांढरा हात देऊन, तो वाळल्यावर ते रंग भरीत. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, दूरदेशाहून आणलेला लाजवर्द. आणि काळा रंग कोणता, तर दिव्याची काजळी. ज्या काजळीनें चित्रें झांकलीं म्हणून आपण हळहळतों, तीच काजळी त्या चित्रांतल्या नेत्रांच्या रेखा व केशकलाप बनून बसली आहे. एकच द्रव्य कलावंताच्या कुंचल्याच्या टोंकावर असतां रंग होतें, आणि वाट न मिळालेल्या धुरांतून उतरलें म्हणजे मळ होतें.

इतका अग्नि भोंवतीं असूनहि लेण्यांच्या छतांना धूर जाण्यासाठीं ठेवलेली वाट आम्हांस कोठें दिसली नाहीं. भिक्षूंच्या खोल्यांना तर दारावांचून दुसरें भोंकच नाहीं. ज्या संघाला धूमनेत्र ठाऊक होतें त्यानें तें येथें कां ठेविलें नसावें? आमच्या मतें उत्तर सरळ आहे: या वास्तु चुलीसाठीं योजिलेल्याच नव्हत्या. धूर काढावयाचा तर शेंकडों हातांचा कातळ भेदावा लागला असता. त्यापेक्षां चूल बाहेर ठेवणें सोपें. नदीच्या पलीकडच्या कांठावर विटांच्या विहाराचे अवशेष उत्खननांत सांपडले आहेत. त्यावरून अजिंठ्याची वस्ती केवळ डोंगराच्या पोटांत होती, हा समज तरी सुटावा. चित्रें आंत आणि चूल बाहेर, अशी व्यवस्था जोंपर्यंत पाळली जात होती तोंपर्यंत दोघांचें भांडण नव्हतें.

ही व्यवस्था वस्ती उठल्यावर मोडली. हरिषेणानंतर राजाश्रय तुटला, कामें अर्धवट राहिलीं, भिक्षु पांगले. लेणीं उरलीं तीं आयता निवारा म्हणून. पुढच्या शतकांत येथें कोण कोण येऊन राहिलें याची नोंद कोणी ठेविली नाहीं; पण शेवटच्या काळाविषयीं अनुमान करण्यास जागा आहे. 1803 सालीं असईची लढाई झाली ती याच मुलखांत. त्याच सुमारास होळकरांच्या फौजांनीं खानदेश लुटला आणि पाठोपाठ भयंकर दुष्काळ पडला. गांवें ओस पडलीं. डोंगरांतल्या भिल्लांचा जो पाठलाग सुरू झाला तो पेशवाई बुडाल्यानंतर, 1825 सालीं औट्रमनें भिल्लांची पलटण उभारण्यास आरंभ करीपर्यंत कमीअधिक चालूच होता. अशा दिवसांत पौषाच्या रात्रीं, लेंकरें घेऊन, डोंगरांत लपलेल्या माणसाला कोरडी गुहा दिसली आणि त्यानें तींत चार काटक्या पेटविल्या, तर त्याच्या मनांत कलेचा द्वेष होता काय? त्याला छतावरचीं चित्रें त्या अंधारांत दिसलींहि नसतील.

धुरानें पुढें काय केलें तें पदार्थविज्ञानाच्या नियमांप्रमाणेंच झालें. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते. तिला उंच नळी मिळाली तर ती आपल्यामागें ताजी हवा ओढून घेते आणि जाळ स्वच्छ जळतो. नळी जितकी उंच व आंतल्या-बाहेरच्या हवेच्या उष्णतेंत जितका फरक अधिक, तितकी ओढ अधिक. गुहेंत हें घडत नाहीं. वर कातळ असल्यामुळें धूर छताला आदळून पसरतो, पुरेसा वारा न मिळाल्यानें जाळ गुदमरतो, आणि अर्धवट जळलेल्या लांकडांतून काजळीबरोबर चिकट डांबरी अंश निघतो. तो थंड दगडावर निवतो व धरून बसतो. म्हणजे लेण्याची जी रचना चित्रांना ऊन-पावसापासून राखीत होती, तीच धुराच्या बाबतींत त्यांची वैरीण झाली. पुढें ज्यांनीं पूजेचे दिवे व उदबत्त्या लावल्या, त्यांच्या भक्तीनेंहि या थरांत भर घातली असली पाहिजे. भक्तीचा धूर आणि दारिद्र्याचा धूर यांत छताला भेद करतां येत नाहीं.

येथवर आम्हीं चुलीवाल्यांची बाजू मांडली, याचा अर्थ नुकसान झालें नाहीं असा नव्हे. नुकसान झालें व तें मोठें झालें. पण तेवढेंच झालें नाहीं. पाणी झिरपून गिलावा सुटला, किड्यांनीं त्यांतील तंतु खाल्ले, वटवाघळांनीं घाण केली. 1824 सालीं येथें आलेल्या अलेक्झांडर नांवाच्या लष्करी अधिकाऱ्याला गळून पडलेल्या गिलाव्याच्या धुळींत वन्य पशूंच्या पावलांचे ठसे दिसले होते. त्यानंतर सुशिक्षितांचीं पावलें उमटलीं. 1828 च्या सुमारास मुंबईच्या डॉ. बर्ड यांनीं चित्रांच्या आकृति भिंतीवरून सोलून काढण्याचा उद्योग केला. नकला करणाऱ्यांनीं रंग उठून दिसावे म्हणून वार्निश फांसलें. निजाम सरकारनें 1920 ते 1922 या काळांत चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांकडून सुटलेला गिलावा पक्का करून घेतला, हें मोठेंच उपकारक काम झालें. पण त्यांनीं वापरलेली लाखेची वार्निश पुढें पिवळी पडली आणि तिच्याखालीं जुना मळ व काजळी कोंडली गेली. कोरडी काजळी एक वेळ झाडतां आली असती. लाखेनें झांकलेली काजळी काढावयास रसायनशास्त्र लागलें. अलीकडच्या दशकांत पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांनीं अतिशय जपून हे थर उतरविले, आणि दहाव्या लेण्यासारख्या ठिकाणीं गेलीं म्हणून समजलेलीं प्राचीन चित्रें पुन्हा दिसूं लागलीं. यावरून एक गोष्ट सिद्ध होते: धुरानें चित्रें झांकलीं होतीं, सर्वत्र मारलीं नव्हतीं.

अग्नीनें जीं चित्रें खरोखर मारलीं त्यांची कथा याहून निराळी आहे, आणि ती फार दूर घडली. मेजर रॉबर्ट गिल यांनीं 1844 पासून जवळजवळ वीस वर्षें अजिंठ्यास राहून मोठमोठ्या तैलचित्रांत लेण्यांच्या नकला केल्या. त्या लंडनजवळ सिडनॅम येथील स्फटिकप्रासादांत मांडल्या होत्या. 1866 च्या डिसेंबरांत तेथें आग लागून बहुतेक सर्व जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांनीं पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे विद्यार्थी घेऊन 1872 ते 1885 या काळांत तेंच काम पुन्हा केलें. त्या नकलांपैकीं पुष्कळ साऊथ केन्सिंग्टन येथें 1885 सालच्या आगींत भस्म झाल्या. ज्या राजधानींत अग्निशामक बंब होते, पहारे होते, विमे होते, तेथें दोनदा हा प्रकार घडला. आपण यास दैवदुर्विपाक म्हणतों. गुराख्याच्या शेकोटीस मात्र अडाणीपणा म्हणतों.

तिसरें उदाहरण जपानांतलें आहे व तें सर्वांत बोलकें आहे. होर्यूजी येथील सुवर्णमंदिराच्या भिंतींवर सुमारें तेराशें वर्षांपूर्वींचीं बौद्ध चित्रें होतीं. अजिंठ्याच्या चित्रांशीं त्यांचें नातें कलाभ्यासकांनीं वारंवार दाखविलें आहे. तीं नष्ट होण्यापूर्वीं त्यांच्या अचूक नकला कराव्या म्हणून 1940 पासून निवडक चित्रकार तेथें बसून काम करीत होते. 26 जानेवारी 1949 रोजीं पहांटे मंदिरांत आग लागली आणि मूळ चित्रांचे रंग जळून गेले. नकला करणारांना हिवाळ्यांत ऊब मिळावी म्हणून ठेवलेल्या विजेच्या गाद्यांपैकीं एक चालू राहिली होती, असें या आगीचें कारण सामान्यतः सांगितलें जातें. जपाननें या आघातानंतर 1950 सालीं सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा केला, आणि 1955 पासून 26 जानेवारी हा दिवस तेथें अशा वास्तूंना आगीपासून जपण्याचा दिवस म्हणून पाळला जातो.

या तीन आगींशेजारीं अजिंठ्याची शेकोटी ठेवून पाहिली म्हणजे विचारास वेगळी दिशा लागते. होर्यूजीचे चित्रकार अडाणी नव्हते; त्या भिंतींवर त्यांच्याइतकें प्रेम करणारें दुसरें कोणी नव्हतें. परंतु त्यांची बोटें गारठत होतीं. अजिंठ्याच्या गुहेंतल्या भिल्लाचींहि गारठत होतीं. गारठलेल्या बोटांची गरज विद्वत्तेनें कमी होत नाहीं आणि दारिद्र्यानें ती गुन्हाहि होत नाहीं. म्हणून ‘येथें अग्नि पेटवूं नये’ अशी पाटी लावणें हा अर्धाच उपाय आहे. विनयकारांनीं तो अर्धा उपाय आधीं करून पाहिला आणि त्यांना तो पुरला नाहीं. मग त्यांनीं चुलीला वेगळें घर दिलें, तिची जागा आंखून दिली आणि धुराला नळी दिली.

आपल्याकडे किल्ले, लेणीं, जुनीं देवळें पुष्कळ आहेत आणि त्यांतील बऱ्याच ठिकाणीं आजहि रात्रीचा पहारेकरी, वाटसरू किंवा मेंढपाळ आडोशाला येऊन जाळ करतो. त्याला रागें भरणें सोपें आहे. त्यापेक्षां वास्तूपासून दूर, वाऱ्याची दिशा पाहून, एक लहानशी पक्की खोली, तींत मातीची किंवा पत्र्याची बंदिस्त भट्टी आणि छपराच्या वर जाणारें धुराडें, एवढी सोय करून देण्यास फार द्रव्य लागत नाहीं. त्यासाठीं लागणारें ज्ञान तर चुल्लवग्ग आणि चरक यांच्या काळापासून या देशांत आहे. ज्या दिवशीं लेण्याबाहेरची ही चूल बंद पडली, त्या दिवसापासून आंत काजळी धरूं लागली. चित्रें राखावयाचीं असतील तर ती चूल पुन्हा बांधून दिली पाहिजे.